परक्या हाताचा गुण

काकासाहेब औताडेचं लग्न तीनदा ठरता ठरता मोडलं, आणि तिन्ही वेळा कारण एकच निघालं. मुलगा नर्स आहे. पहिल्या मुलीच्या मामानं तर भर बैठकीत विचारलं होतं, "म्हंजे ते ट्रे घेऊन सुया टोचीत फिरतेत, ते?" काकासाहेबच्या वडिलांनी, बद्रीनाथ पाटलांनी, हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि सगळ्यांना जीपमध्ये बसवून माघारी आणलं. चौथ्या ठिकाणी त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, मुलगा हॉस्पिटलात मॅनेजमेंटला आहे. तेव्हा निशा मिळाली. तिला खरं कळलं ते लग्नाच्या हळदीचा रंग उतरल्यावर. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त माहेरी कुणाला सांगितलं नाही.

हे मला काकासाहेबनंच सांगितलेलं आहे. मी रूपाली साळवे. आम्ही दोघं नर्सिंगला एकाच बॅचला होतो. वर्गात मुलं बोटांवर मोजण्याइतकी, ती मागच्या बाकावर चोरासारखी बसायची. मी शहरातल्या भावसिंगपुऱ्यातली. माझा नंबर लागला तेव्हा माझ्या आईनं गल्लीभर पेढे वाटले होते. पांढरा ड्रेस घालून मी निघाले की शेजारच्या बाया आपापल्या पोरींना दाराशी आणून दाखवायच्या, बघ, अशी हो. त्याच आठवड्यात काकासाहेबच्या घरी बद्रीनाथ पाटलांनी पोराशी बोलणं टाकलं होतं. कॉलेज एक, कोर्स एक. त्याचं गाव दौलताबादच्या किल्ल्याच्या मागल्या अंगाला, आमच्या घरापासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. पण पेढे आणि अबोला यांच्यातलं अंतर अर्ध्या तासाचं नव्हतं.

बद्रीनाथ पाटील म्हणजे त्या गावातलं वजनदार माणूस. पेरूची बाग, एक वेळ सरपंचपद भोगलेलं, धोतर असं पांढरं की बघणाऱ्यानं मागं सरकावं. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं. गावात कुणी विचारलं की ते म्हणायचे, "थोरला मेडिकलला हाय." मेडिकलला म्हणजे कुठं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. धाकटा गोकुळ बाग बघायचा आणि त्याबरोबर प्लॉटिंगचा धंदा करायचा. त्याचं नाव मात्र ते पूर्ण घेत.

काकासाहेब आणि मी पुढं एकाच खाजगी हॉस्पिटलात लागलो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिलो. तो आयसीयूत, मी सर्जरी वॉर्डात. त्याचं नाव चांगलं होतं. हाताखालच्या पोरींवर आवाज चढवायचा नाही, नातेवाइकांना खोटी आशा लावायचा नाही. चाळिशी उलटली तशी इन्चार्जची खुर्ची मिळाली. मयूर पार्कला घर झालं, सत्यम आणि सायली शाळेत वरच्या वर्गांत गेली. माणसानं आता पाय सोडून बसावं अशी वेळ होती.

त्या वेळी संस्कृती आली.

खुलताबादकडच्या एका वस्तीवरची, विशी नुकतीच ओलांडलेली पोरगी. टायफॉइड अंगावर काढला आणि आतड्याला भोक पडलं. आमच्याकडं ऑपरेशन झालं, जीव वाचला. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून ठेवलं होतं. काही महिन्यांनी ते पुन्हा आत बसवायचं, तोवर पोटावर पिशवी लावायची आणि सगळं त्या पिशवीत उतरणार. घरी जाताना तिला पिशव्यांचा एक पुडा दिला, कशी लावायची ते मीच घाईघाईत दाखवलं. मला जेवढं येत होतं तेवढं. आमच्या कॉलेजात या विषयावर अर्धं पान होतं.

महिन्याभरानं ती परत आली ती थेट आयसीयूत. बरोबर तिची आई द्वारकाबाई. सासरच्यांनी पोरीला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. पिशव्या संपल्यावर द्वारकाबाईनं दुधाची रिकामी पिशवी धुऊन जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधली होती. पोटावरची कातडी भाजल्यासारखी लाल, ओली. आणि खाल्लं की वाहतं म्हणून पोरीनं खाणंपिणंच बंद केलेलं. अंगातलं पाणी आटून मूत्रपिंडं निकामी झाली होती.

काकासाहेब पिशवी लावायला गेला. ओल्या कातडीवर ती धरेना. पुसून, सुकवून, चिकटपट्ट्या लावून पुन्हा लावली, पुन्हा सुटली. संस्कृती ओठ चावून पडून राहायची. आपण जगणार का, हे तिनं कुणालाच विचारलं नाही. कुणी जवळ आलं की एवढंच म्हणायची, "दादा, वास येतो का हो?"

ती गेली. द्वारकाबाई म्हणाली, "सासरचे येतील आत्ता. त्येंच्या पुढं माझी लेक सोच्छ पाहिजे." मग काकासाहेबनं तिचं अंग पुसलं आणि एक पिशवी घेऊन पोटावर बसवली. मेलेल्या अंगावर ती पिशवी नीट चिकटली. तो बाहेर आला तेव्हा मी औषधांच्या खोलीत होते. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "रूपाली, ही पोरगी आजारानं नाय गेली. आपल्याला पिशवी लावता येत नाय म्हणून गेली."

मी म्हटलं, "आपल्या एकट्यांचं का, कुणालाच येत नाय."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला.

अशा पेशंटची काळजी घ्यायचं शिक्षण मुंबईच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात मिळतं, एक वर्षाचं, हे त्यानं शोधून काढलं. स्टोमा नर्स म्हणतात. पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड म्हणजे स्टोमा. मराठवाड्यात तेव्हा अशी नर्स मला तरी माहीत नव्हती. त्यानं बिनपगारी रजा मागितली. हॉस्पिटलनं दिली, कारण तसली रजा द्यायला पैसे लागत नाहीत.

घरी निशा म्हणाली, "पोरगं बारावीला आणि बाप शाळेत. शिकायचंच होतं तर एमबीए करा. हॉस्पिटल मॅनेजमेंट करा. निदान आबांनी सांगितलेलं खरं तरी होईल." ती एका इंग्रजी शाळेत शिकवायची. वर्षभर घर तिच्या पगारावर चाललं आणि तिनं ते चालवलं, हे काकासाहेब कधी विसरला नाही. पण त्या वर्षात ती त्याच्याकडं एकदाही मुंबईला गेली नाही, हेही तो विसरला नाही.

गावी सांगायला गेला तेव्हा बद्रीनाथ पाटील ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आतापस्तोर सुया टोचीत व्हतास. ते झाकून जात व्हतं. आता लोकायचं गू काढायला शिकनार?"

"आबा, त्याच्यावाचून माणसं मरू राहिली."

"मरतेत तर मरू दे. औताड्याच्या घरानं ठेका घेतला काय?" त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "गावात कुनाला सांगू नको. मंबईला टरेनिंगला गेला, एवढंच म्हनीन मी."

तो गेला. वर्गात बाकीच्या सगळ्या पोरी पंचविशीच्या आतल्या, त्याला अंकल म्हणायच्या. पुस्तकं इंग्रजीत, डोळ्यांना चष्मा लागलेला. पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. फोन करून मला म्हणाला, "रूपाली, डोकं गंजलं गं." पण हाताचं काम त्याला लवकर आलं. ऑपरेशनच्या आधी पेशंटला बसवायचं, उभं करायचं, वाकायला लावायचं आणि मग पेननं खूण करायची की तोंड इथं काढा. म्हणजे साडीची गाठ किंवा धोतराचा कमरपट्टा त्यावर येत नाही, पोटाची घडी पडून पिशवी सुटत नाही. फोनवर हे सांगताना तो पहिल्या वर्षाच्या पोरासारखा बोलायचा. त्याच्या आवाजात इतकी उमेद मी आधी कधी ऐकली नव्हती. पुढंही ऐकली नाही.

परत आला तेव्हा हॉस्पिटलनं त्याचा सत्कार केला. फुलांचा गुच्छ, ग्रुपवर फोटो, खाली पन्नास टाळ्या. दुसऱ्या दिवशी ड्युटीचा तक्ता लागला, त्यात तो आयसीयूत. इन्चार्जची खुर्ची मधल्या काळात दुसऱ्याला गेलेली. तो व्यवस्थापकाला भेटला. साहेब म्हणाले, "स्टोमा नर्स अशी पोस्टच नाही आपल्याकडं. तुम्ही ड्युटी संपल्यावर वॉर्डात बघा ना पेशंट, आमची काय हरकत नाही."

हरकत नव्हती, म्हणून त्यानं तसंही केलं. ड्युटी संपली की माझ्या वॉर्डात यायचा, पडदा ओढायचा, एकेकाजवळ बसायचा. ज्या पेशंटला तो भेटला त्याची कातडी शाबूत राहिली, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. सर्जन लोकही त्याला बोलवायला लागले. पण बोलवणं वेगळं आणि जागा देणं वेगळं. शेवटी तो थकला. राजीनामा दिला आणि हर्सूल टी-पॉइंटच्या अलीकडं एका मेडिकलच्या मागची खोली भाड्यानं घेतली. एक कॉट, एक बेसिन, एक पडदा. बाहेर बोर्ड लावला, स्टोमा क्लिनिक, त्यावर पोटाचं चित्र.

सिल्लोडहून, कन्नडहून, वैजापूरहून माणसं यायला लागली. तोंड बांधून यायची. एका शिक्षकानं पहिल्याच आठवड्यात विनवलं, "तेव्हढा बोर्ड काढा साहेब. माझा विद्यार्थी समोरच्या टपरीवर बसतो." मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. काकासाहेबनं बोर्ड बदलला आणि त्यावर नुसतं लिहिलं, ड्रेसिंग केंद्र. निशा तिच्या शाळेत सांगायची की मिस्टरांनी सर्जिकल सामानाची एजन्सी घेतली आहे. यात तिला दोष देता येत नाही. ती खोटं बोलायला या घरात आल्यावरच शिकली.

अशी दोनेक वर्षं गेली असतील. एका रविवारी काकासाहेबच्या आईनं, वच्छलाबाईंनी, त्याला मागच्या अंगणात बोलावलं आणि दगडाखाली दडवलेलं एक धोतर दाखवलं. त्यावर रक्त होतं. वडील कित्येक महिने मूळव्याध समजून चूर्ण खात होते आणि धोतरं स्वतः धूत होते. आयुष्यात कधी पाण्याचा तांब्या स्वतः न घेतलेला माणूस धोतरं धुतोय, म्हणून आईला संशय आला.

काकासाहेबनं त्यांना जवळजवळ ओढून शहरात आणलं. तपासणीत निघाला तो गुदद्वाराच्या जरा वरचा कॅन्सर होता. सर्जन म्हणाले, आता ऑपरेशन केलं तर माणूस वर्षानुवर्षं जगेल. पण खालची वाट कायमची बंद करावी लागेल, पोटावर पिशवी राहील.

ते वडिलांना सांगायचं काम त्याच्यावरच आलं. बागेत, पेरूच्या झाडाखाली खाट टाकून ते बसले होते. तो म्हणाला, "आबा, माझ्याकडं येनारे लोक ट्रॅक्टर चालवतेत, लग्नाला जातेत. सदऱ्याखाली पिशवी हाय हे शेजारच्याला बी कळत नाय."

"मला कळंल ना," पाटील म्हणाले.

"तुमच्या जिवापेक्षा—"

"पोटावर हागनारा मानूस पंगतीत पहिल्या पानावर बसल? मरन बरं त्याच्यापरीस. आन तू हे बोलूच नको माझ्यासंगं. तू त्यातून पोट भरतो म्हनून तुला समदीकडं तेच दिसतं."

त्यानंतर गोकुळनं त्यांना कन्नडकडच्या एका जडीबुटीवाल्याकडं न्यायला सुरुवात केली. काकासाहेबनं गोकुळचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. गोकुळ म्हणाला, "दादा, तुझं काय, तू तर गिऱ्हाइक बघतो." सहा-सात महिने काढे झाले. मग एक दिवस पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, आतडं पूर्ण बंद पडलं, आणि पाटलांना आमच्याच हॉस्पिटलात आणलं. तातडीचं ऑपरेशन. कॅन्सर यकृतात पोचला होता, तो काढण्यात अर्थ नव्हता. नुसतं आतड्याचं तोंड पोटावर काढलं. घाईच्या वेळी बसवून, वाकवून खुणा करायला कुणाला फुरसत असते? तोंड आलं ते नेमकं पोटाच्या घडीत, धोतर बांधायच्या रेषेवर.

शुद्ध आली तेव्हा मी वॉर्डातच होते. काकासाहेब हातमोजे घालून खाटेजवळ गेला. पाटलांनी त्याचं मनगट धरलं. ऑपरेशनमधून आलेल्या माणसाच्या हाताला इतका जोर असतो हे मी तेव्हा पाहिलं.

"तू नाय."

"आबा, माझंच काम हाय हे."

"तू नाय म्हनलं ना. मानूस लाव."

माणूस लाव. कसला माणूस, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ते काम करायला गावकुसाबाहेरून माणूस येतो, हे त्यांच्या मनात पिढ्यानपिढ्या पक्कं होतं. मी तिथं सलाइनची बाटली हातात धरून उभी होते आणि मला ते सगळ्यात आधी कळलं.

तरी माणूस मीच दिला. माझे मामा मोतीराम. सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले, हात हलका, तोंड बंद. मी त्यांना म्हटलं, "मामा, मन नसल तर नका जाऊ." मामा म्हणाले, "पोरी, त्या काकासाहेबासाठी जातो. म्हाताऱ्यासाठी नाय."

पहिले काही दिवस वाईट गेले. घडीत पिशवी टिकेना, सारखी गळायची. कातडी लाल व्हायला लागली. मग काकासाहेबनं मामांना आपल्या खोलीवर नेलं. मामांनाच कॉटवर झोपवलं आणि त्यांच्याच पोटावर पिशवी बसवून दाखवली. घडी कशी ताणायची, पिशवीच्या चिकट चकतीचं भोक किती कापायचं, खोलगट जागी लेप किती भरायचा. "मामा, आता उठून बसा. आता वाका. सुटली का?" मामा हसत मला सांगायचे, "या वयात मला पिशवी लावून फिरवलं गं त्यानं." दर गुरुवारी मामा जायचे आणि आठवडाभरात काय बिघडलं ते सांगायचे. काकासाहेब पुढचं शिकवायचा. वडिलांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्यानं मामांना बजावलं होतं. त्याचं नाव निघालं तर म्हातारा पिशवीच फेकून देईल, ही भीती.

कातडी बरी झाली. गळणं थांबलं. पाटील ओसरीवर येऊन बसायला लागले. मी एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांचा चेहरा भरलेला होता. काकासाहेब ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. पाटील मला म्हणाले, "सिस्टर, ह्या मोतीरामच्या हाताला गुण हाय. आमच्या घरात बी एक हाय, मंबईला जाऊन शिकून आला. पर हाताला गुण लागतो, तो शिकून येत नाय." काकासाहेब पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत बसला.

चहा आला. मला कपबशीत, मामांना कागदी कपात. मामा तो घेऊन पायरीवर बसले. वच्छलाबाईंनी सहज विचारलं, "मोतीराम तुमच्या वळखीचा हाय व्हय?"

"माझे सख्खे मामा," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला मलाही कागदी कप आला. वच्छलाबाईंनी तो देताना माझ्याकडं बघितलं नाही, काकासाहेबनं बघितलं. तो उठला, माझ्या हातातून तो कप घेतला, अंगणात ओतून दिला आणि म्हणाला, "चल रूपाली, टी-पॉइंटवर पिऊ." त्यानंतर मी त्या घरात गेले ती एकदाच.

उन्हाळ्यात पाटलांच्या पुतण्याचं लग्न होतं. पाटील गेले. सदऱ्याखाली पिशवी, वर कडक इस्त्री, डोक्यावर फेटा. पंगतीत पहिल्या पानावर बसून दोन बुंदीचे लाडू खाल्ले. कुणाला काही कळलं नाही. मामा मंडपाबाहेर गाडीत पिशवी घेऊन बसले होते, लागलीच तर म्हणून. काकासाहेब वाढप्यांच्या मागं उभा राहून बापाकडं बघत होता. पेरूच्या झाडाखाली त्यानं जे सांगितलं होतं ते अक्षर न अक्षर खरं झालं होतं. हात धुवायला उठताना पाटलांची त्याच्याशी नजरानजर झाली. त्यांनी नजर काढून घेतली आणि गोकुळला हाक मारली.

पावसाळा संपता संपता यकृतानं हात टेकले. पाटील गेले.

तेराव्याला मी गेले. मंडपात सतरंजीवर पाहुणे बसलेले. मधोमध गोकुळ, शेजारी पाटलांचे चुलतभाऊ तात्या. तात्यांनी विषय काढला, "शेवटी सेवा कुनी केली म्हनायची?"

गोकुळ म्हणाला, "शेवटपस्तोर परक्यानं केली तात्या. घरात त्याचंच शिक्षान घेतलेला मानूस असून त्यानं बापाला हात नाय लावला. पैसे टाकून मानूस ठिवला."

"कलियुग," तात्या म्हणाले. "शिकून मानसं मोठी होतेत, मंग बापाची घाण येती."

काकासाहेब तिथंच, दहा हातांवर, मुंडण केलेल्या डोक्यानं बसलेला होता. बोलले ते मामा. फाटकापाशी उभे होते, तिथूनच म्हणाले, "गोकुळ पाटील, मला काकासाहेबच शिकवित व्हते. माझ्या हातून तेच करत व्हते समदं."

गोकुळनं मानही वळवली नाही. "तुला कुनी इचारलं?"

काकासाहेब उठला, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना घेऊन बाहेर पडला. मी मागून गेले.

गाडीत बसणार तोच वच्छलाबाई मागच्या दारानं आल्या. पदर तोंडावर, धापा टाकत. त्या म्हणाल्या, "काका, मनाला लावून घिऊ नको. त्यायला ठाव व्हतं."

"काय ठाव व्हतं?"

"मोतीराम गुरुवारी तुझ्याकडं जातो, तू शिकवतो. मीच सांगितलं व्हतं त्यायला. लई आधी."

काकासाहेब गाडीचं दार धरून उभा राहिला. "मंग?"

"मंग काय नाय. म्हनले, शिकू दे त्याला, नीट शिकू दे." त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं तुला हे कळलं तर बरं वाटंल."

त्या बिचारीला खरंच तसं वाटलं होतं. काकासाहेबनं मान हलवली, आईच्या पाया पडला आणि गाडी सुरू केली. भावसिंगपुऱ्यात मामांना उतरवताना तो म्हणाला, "मामा, म्हंजे त्यांना माझं शिक्षण चालत होतं. मी चालत नव्हतो." बाप आडमुठा होता, त्याला काही कळत नव्हतं, या समजुतीवर काकासाहेबनं ते सगळे महिने काढले होते. तेवढाही आधार राहिला नाही.

त्यानं खोली बंद ठेवली. पेशंट मेडिकलवाल्याकडं विचारून माघारी जायचे. निशानं त्याला सुचवलं की जुन्या हॉस्पिटलात पुन्हा आयसीयूला विचारा. त्यानं विचारलंही असतं, पण तिथल्या व्यवस्थापकानं वयाचं कारण आधीच कुणाकडं तरी बोलून दाखवलं होतं. सत्यमला एका पोरानं कॉलेजात काहीतरी चिडवलं, त्यावरून घरात एक मोठं भांडण झालं. काय चिडवलं ते काकासाहेबनं मला सांगितलं नाही. दिवाळीनंतर त्यानं खोली उघडली. मामा सोबतीला जाऊन बसायचे. गावाकडं जाणं त्यानं सोडलं. बागेची वाटणी गोकुळनं केली तशी त्यानं मान्य केली.

मागच्या महिन्यात मी सुट्टीच्या दिवशी त्याच्या खोलीवर गेले होते. काचा वर केलेली एक जीप दाराला चिकटून थांबली आणि त्यातून तात्यांना धरून उतरवलं. तेच तात्या. त्यांचंही ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्या कुठल्या गावी. सदरा ओला झालेला, वास येत होता, चेहरा उतरलेला. आत येताच त्यांनी काकासाहेबकडं न बघता विचारलं, "मोतीराम हाय का? त्याच्याकडून करून घेतो. घरातल्या पोरानं नगं."

मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र उलटलं आणि म्हणाले, "मी आता नाय करत पाटील."

तात्या उभे राहिले. परत जावं तर रस्त्यात माणसं, बसावं तर समोर हा. शेवटी कॉटवर आडवे झाले आणि भिंतीकडं तोंड केलं. काकासाहेबनं हात धुतले, मोजे घातले, पडदा ओढला. आतून त्याचा आवाज येत होता. जरा वाका. आता उठून बसा. दुखतंय का? तात्या हं, हं करत होते. निघताना एवढंच म्हणाले, "गावात बोलू नको."

"नाय बोलत," काकासाहेब म्हणाला.

जीप गेल्यावर माझा राग अनावर झाला. मी म्हटलं, "मंडपात सगळ्यांपुढं तुझी लाज काढली त्यानं. का केलंस?"

तो बेसिनपाशी हात घासत होता. पाण्याचा नळ बंद केला, टॉवेलला हात पुसले.

"गळत होतं," तो म्हणाला.